चि. दोनशे रुपये यांस

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तू आता विशीत आलास आणि अजून कुणी तुझी उंची मोजलेली दिसत नाही.

2006 साली तू झालास तेव्हा घरात कोण आनंद! तुझा थोरला भाऊ, पंचाहत्तर रुपये, 1995 च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेला. त्याच्या मानानं तू चांगलाच बाळसेदार. 19 नोव्हेंबर 2007 ला बारसं झालं आणि 'इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना' असं तोंडभर नाव ठेवलं. पोषण बहुधा सगळं नावालाच गेलं. कारण गरीब म्हाताऱ्याला केंद्राकडून महिना दोनशे, तेव्हाही आणि आजही. ऐंशी गाठली की पाचशे मिळतात. पण तिथवर पोचायचं ते तुझ्याच जिवावर.

संसदेची ग्रामविकासाची स्थायी समिती वारंवार सांगते, या पोराचा खुराक वाढवा. सरकारी मंडळी ऐकून घेतात बिचारी. तुझ्या चुलतभावाचं मात्र छान चाललंय. माजी खासदारांचं निवृत्तिवेतन 2025 मध्ये 25,000 वरून 31,000 झालं, तेही एप्रिल 2023 पासून धरून. त्याला महागाई निर्देशांकाचं टॉनिक लावून दिलंय, पाच वर्षांनी आपोआप उंची वाढते. तुला त्यातलं चमचाभर दिलं तर तिजोरी रिकामी होईल म्हणतात.

आणि नेपाळातला तो पोरगा आठवतो? तुझ्या थोरल्याच्याच वयाचा, जन्मला तेव्हा शंभर नेपाळी रुपयांचा किडमिडा. आज चार हजारांचा झालाय. आपल्या हिशेबानं अडीच हजार. शिवाय तो म्हाताऱ्याला दारिद्र्याचा दाखला मागत नाही म्हणे. संस्कार, दुसरं काय!

महाराष्ट्रात तू खुजा दिसत नाहीस, कारण राज्यानं तुला कडेवर घेतलंय. श्रावणबाळ योजनेतून 1300 घातले की 2023 पासून आमच्या नानांच्या खात्यावर 1500 जमा होतात. श्रावणबाळची अट अशी, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. साठ मिळाले की नाना सधन.

नाना अठ्ठ्याहत्तरचे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. गेल्या महिन्यात पैसे काढायला गेले तर मशीन अंगठा ओळखेना. "आजोबा, नीट दाबा," मशीनवरचा पोरगा म्हणाला. नानांनी अंगठा धोतराला पुसला, फुंकर मारली, पुन्हा दाबला. लाल दिवा. "सिमिटानं खाल्लाय रं," नाना म्हणाले. पोरगं काही वाईट नव्हतं. त्यानं दहाही बोटं लावून पाहिली, मग सर्व्हर गेला. दुसऱ्या खेपेला रेंज नव्हती. तिसऱ्या खेपेला डाव्या हाताची करंगळी जुळली. नानांनी ती जरा वेळ कौतुकानं न्याहाळली. अख्ख्या जन्मात तिनं थापी धरली नव्हती, म्हणून शाबूत राहिली असावी.

वडापला जाऊन-येऊन साठ रुपये. तीन खेपांचे एकशे ऐंशी. उरलेल्या विसात आम्ही दोघांनी चहा घेतला. तू असा स्टँडवरच संपलास बाळा, घर बघितलंच नाहीस.

नाना मात्र तुझ्यावर नाराज नाहीत. म्हणतात, आलाय तर येऊ दे, पोराला काय बोलायचं. दोन वर्षांनी ऐंशी झाली की पाचशे येणार, म्हणून हल्ली ते जिना चढताना कठडा घट्ट धरतात.

प्रकृतीस जप. वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग, भेटलेच तर.

तुझा,
नानांचा पुतण्या

ता. क. – नानांचा हयातीचा दाखला द्यायचाय. करंगळी घेऊन जातोच आहोत. तुझाही एक पाठवून दे.