देवाचा 'एच' : मोठा की लहान? (नवशिक्यांसाठी)

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेचं इंग्रजी पान तुमच्या गळ्यात पडलंय, असं धरून चालू. बाप्पाबद्दल 'ही' लिहिताना एच मोठा काढायचा की लहान, यावर समितीच्या ग्रुपवर जुंपणारच. तयारीत राहा.

'बायबलात मोठाच असतो' असं कुणी ठणकावलं तर दबून जाऊ नका. १६११च्या किंग जेम्स बायबलात देवाची सर्वनामं लहान अक्षरातच आहेत. १९८२च्या न्यू किंग जेम्समध्ये ती मोठी झाली, न्यू इंटरनॅशनल आवृत्तीत लहानच राहिली. हिब्रू लिपीत लहान-मोठं ही भानगडच नाही. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकस या बायबलाच्या हस्तलिखितात ग्रीक मजकूर सगळाच्या सगळा मोठ्या अक्षरांत. अक्षराच्या आकारापुरता तिथे देवाचा जो थाट, तोच सैतानाचा.

तरी मोठाच हवा? मग वाक्याची सुरुवातच 'ही'ने करा. भाविक खूश, व्याकरणवाले खूश, तुमचं मत कुणालाच कळत नाही.

खरी परीक्षा जन्मकथेत. शंकर दाराशी येतो, पोरगं अडवतं, आणि 'त्याने त्याचं डोकं उडवलं'. लिहा बरं इंग्रजीत! उडवणाराही देव, ज्याचं उडालं तोही देव, दोन्ही सर्वनामांना मोठा एच. कोणी कोणाचं उडवलं ते वाचणाऱ्याने शोधावं. एकाच देवाच्या हिशेबाने केलेली सोय आपल्या भरल्या घरात अशी अडकते. पुढे हत्तीचं डोकं येतं. धडावर बसेपर्यंत ते 'इट्स', बसलं की मोठ्या एचचं 'हिज'. मधल्या क्षणासाठी नियम नाही. तिथे परिच्छेद तोडा. मग चंद्र बाप्पाला हसतो. हसणाऱ्याच्या मनात आदराचा पत्ता नाही, तेव्हा त्याच्या तोंडच्या 'यू'चा वाय लहान ठेवावा, असं माझं मत. चंद्राला शाप मिळालाच आहे, मुद्रितशोधकाने आणखी छळू नये.

'आय'ची काळजी सोडा. इंग्रजीत स्वतःला मोठं अक्षर फुकट मिळतं, भक्ताला आणि भामट्यालाही.

मराठी पान त्यामानाने सोपं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. मान द्यायचा तो क्रियापदातून, आणि गाऱ्हाणं घालताना आपण देवाला तोही देत नाही. अध्यक्षांना 'आपण बसावं', बाप्पाला 'तू सांभाळ रे'. पत्रिकेवर मात्र एकदम अदब सुचते आणि अवतरणचिन्हं निघतात: "श्रीं"चे आगमन, "श्रीं"ची महापूजा. ही चिन्हं इंग्रजी पानावर चुकूनही नेऊ नका. तिथे त्यांचा अर्थ 'म्हणे देव' असा लागतो, आणि मूर्तीचा खर्च ज्यांनी उचललाय ते फोन करतात.

त्यांची नावं मात्र अथपासून इतिपर्यंत मोठ्या अक्षरांत टाका. त्यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.