किरण मॅडमचा रिपोर्ट

माझं नाव किरण. या नावाने आयुष्यात बरेच घोळ घातले, पण रक्तापर्यंत कधी मजल गेली नव्हती.

गेल्या महिन्यात उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. तीन आकडे ठळक, शेजारी चांदण्या. क्रिएटिनिन 1.2, यूरिक अ‍ॅसिड 6.6, ईएसआर 28. किडनी, सांधे आणि उरलेलं सगळंच गेलं, असं समजून मी रात्रभर मनातल्या मनात मृत्युपत्र केलं.

सकाळी बायकोने तोच रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचला. (मी थेट निकाल बघतो. शाळेपासूनची सवय.)

"अहो, यात तुम्ही स्त्री आहात. वय 36."

लॅबला फोन लावला. "किरण मॅडमना देता का?" मी म्हटलं, मीच मॅडम. "सॉरी काका, रक्त परत नको, नुसती एंट्री बदलते."

तासाभरात नवा रिपोर्ट आला. रक्त तेच, आकडे तेच. क्रिएटिनिन आणि यूरिक अ‍ॅसिडची चांदणी गायब! पण हिमोग्लोबिन 12.4, जे काल बिनबोभाट पास झालं होतं, त्याला आज चांदणी. बायकांना 12 पुरतं, पुरुषाला 13 लागतं. म्हणजे बाई म्हणून मी ठणठणीत होतो, पुरुष झालो आणि पंडुरोग लागला.

"माझं बारा वर्षं 12.1 आहे," बायको म्हणाली. "कुणी चांदणी दिली नाही."

डॉक्टरांनी समजावलं. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी जास्त तयार होतात. स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिनही जरा जास्त चालतं. इथे त्यांची नजर माझ्या दंडांवर पडली आणि "सरासरीने बोलतोय" असं ते घाईने म्हणाले. इस्ट्रोजेन यूरिक अ‍ॅसिड बाहेर काढायला मदत करतं. पाळी गेली की बायकांचा आकडाही पुरुषांच्या दिशेने निघतो. ईएसआरचा त्यांचा ठोकताळा तर तोंडी हिशेबाचा: पुरुषाच्या वयाचे निम्मे, बाईच्या वयात 10 मिळवून निम्मे. छत्तिशीच्या किरणबाईंना 23 ची मर्यादा, मला त्रेसष्टाव्या वर्षी साडेएकतीस. म्हातारपणात मिळालेली ही पहिलीच सवलत, रेल्वेचीसुद्धा बंद झाली.

शिवाय रिपोर्टवरची 'नॉर्मल'ची पट्टी निरोगी लोकांतल्या मधल्या 95 टक्क्यांची असते. उरलेले पाच टक्के धडधाकट असूनही चांदणीत जातात.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच डॉक्टर म्हणाले, "हिमोग्लोबिनचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. या वयात पुरुषाचं कमी झालं, तर रक्त कुठे जातंय ते शोधावं लागतं." फेरिटिन आणि शौचाची तपासणी लिहून दिली. फेरिटिनची पट्टीही बायका-पुरुषांची वेगळी. तेव्हा तुमचं नाव किरण किंवा शशी असेल, तर लॅबचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरा.