कॅम्पताई

कार्यक्रम नसला की ज्याला कणकण येते, असा एक नग प्रत्येक कॉलेजात असतो. इंजिनिअरिंगला तो गॅदरिंगचा सेक्रेटरी होतो, लॉ कॉलेजातून थेट एखाद्या पक्षात जातो. फिजिओथेरपीला ही जागा बहुधा मुलगीच भरून काढते, कारण त्या वर्गातले मुलगे शेवटच्या दोन बाकांवर मावतात. तिला सगळे कॅम्पताई म्हणतात. खरं नाव हजेरीपुरतं उरतं, आणि हजेरीला ती नसतेच. ती कॅम्पला गेलेली असते.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात या जातीला पोषक हवामान आहे. कराडला कृष्णाचं फिजिओथेरपी कॉलेज, मिरजेला वॉनलेसचं. मिरज तर १८९४ साली वॉनलेस हॉस्पिटल निघालं तेव्हापासून दवाखान्यांचंच गाव. आमची कॅम्पताई यातल्या कुठल्या कॉलेजची, ते सांगत नाही. दोन्हीकडचे लोक ‘ही आमचीच’ म्हणून भांडतील, किंवा ‘आमची नव्हेच’ म्हणून.

कॅम्प भरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपात ती शिरते ती समाजसेवेच्या ओढीने नव्हे, रागाने. नीटचे मार्क पाहून घरच्यांनी ‘फिजिओ तर फिजिओ’ म्हणून नाव घातलेलं असतं. आजी गल्लीत सांगते, “नात डॉक्टरकी शिकतीया, हाडांची.” आणि पहिल्याच दिवाळीला घरी आल्यावर कोणीतरी काका फराळाचं ताट सरकवत विचारतात, “म्हणजे मालिशच ना?” चिवड्याचा घास तिच्या घशात अडकतो. सुट्टी संपवून ती परत येते ती जनजागृतीची शपथ घेऊनच.

ग्रुपमध्ये बढतीची ठरलेली शिडी असते. पहिल्या वर्षी खुर्च्या मांडायच्या आणि बॅनर बांधायचा. दुसऱ्या वर्षी टेबल आणि रजिस्टर मिळतं: नाव, वय, गाव, काय दुखतं. तिसऱ्या वर्षी पेशंटला हात लावायची परवानगी. चौथ्या वर्षी ती गाडी ठरवते, सरपंचांना फोन करते आणि पहिल्या वर्षाच्या पोरींना बॅनर तिरका बांधल्याबद्दल झापते. इंटर्नशिपला येईपर्यंत तिच्या फोनमध्ये निम्म्या जिल्ह्यातले ग्रामसेवक, गणेश मंडळांचे अध्यक्ष आणि मंडपवाले जमा झालेले असतात. आमदारकीला एवढी तयारी पुरते.

अ‍ॅप्रनच्या खिशात तिचं शस्त्र असतं, गोनिओमीटर. दोन पट्ट्या एका खिळ्यावर फिरतात आणि सांधा किती अंश वाकतो ते कळतं. अ‍ॅप्रन घरी राहिला तरी गोनिओमीटर पर्समध्ये येतोच. एका लग्नात तिने सख्ख्या मामांचा गुडघा भर मांडवात मोजला. “मामा, एकशे दहा अंश. पंगतीत मांडी घालायची तर एकशे तीस तरी लागतात.” मामांनी शांतपणे वाढप्याला हाक मारली, “माझं पान टेबलावर घे रे.”

तिचं भाषणही ठरलेलं. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली मुंबईच्या केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा कशी निघाली, इथून सुरुवात. मग १९९६ पासून ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन कसा पाळला जातो. इथपर्यंत माईक सुरू असतो. पुढचं कोणाला ऐकू येत नाही, कारण ८ सप्टेंबर पुष्कळदा गणपतीच्या दिवसांत येतो. ‘गुडघे सांभाळा’ या पथनाट्यातल्या आजीबाईंनी कण्हायला सुरुवात करावी, आणि शेजारच्या मंडळाच्या ढोलाने त्यांना ताल द्यावा.

श्रोत्यांची मागणी एकच असते: मशीन. “व्यायाम बियाम ऱ्हाऊ द्या, तेवढा करंट लावा.” करंट मिळाला नाही तर शेक, शेक नाही तर मालिश, आणि यातलं काहीच नसेल तर गोळी तरी. व्यायाम हा उपचार आहे यावर आपल्या लोकांचा विश्वास नाही, कारण तो फुकट असतो आणि स्वतःला करावा लागतो. कॅम्पताईची खरी लढाई इथे असते, आणि या लढाईचा पेपर विद्यापीठ काढत नाही.

तासगावकडच्या द्राक्षबागांतला कॅम्प मात्र तिची परीक्षा घेऊन गेला. ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी चालते, बायका दिवसभर मान वर करून आणि हात मांडवाला लावून उभ्या असतात. संध्याकाळी समाजमंदिरात तीसेक बायका खांदे धरून बसलेल्या. कॅम्पताईने छापील पत्रक वाटलं आणि पुढे उभं राहून दाखवलं, “हं, दोन्ही हात डोक्याच्या वर. दहा वेळा.” कोणीही हात हलवला नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “अगं बाय, दिसभर त्येच करतोय की! खाली ठिवायचा काय यायाम असंल तर सांग.”

हशा पिकला. एखादी रडली असती. कॅम्पताईने पत्रकांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि त्याच म्हातारीला विचारलं, “किती उंचीवर असतो मांडव? दाखवा उभं राहून.” मग अर्धा तास व्यायाम बंद आणि चौकशी सुरू. शेवटी ठरलं ते साधंच: दर तासाला हात खाली सोडून खांदे मागे फिरवायचे, आणि पायाखाली स्टूल घ्यायचं, म्हणजे हात डोक्यावर न जाता छातीपाशी काम होतं. स्टुलाचं मालकाला सांगायला ती स्वतः गेली. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि स्वतःचा खांदा पुढे केला. “हे बी जरा बघा.”

आषाढी वारीत ती लोणंद-फलटणच्या वाटेवर सापडते. माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात आली की ग्रुपचा तंबू पडतो. आळंदीपासून चालत आलेले पाय ओळीने समोर येतात: पोटरीत गोळे, टाचेला भेगा, बोटांना फोड. कॅम्पताई खाली बसून एकेक पाय मांडीवर घेते. तिथे ‘मालिशच ना?’ या प्रश्नाचा तिला राग येत नाही. एकदा एका माउलीने दहा मिनिटं पोटऱ्या ताणून घेतल्या, मग हिचाच हात धरून म्हणाली, “दमलीस गं. सरक, तुझं पाय दाबते.” आणि दाबलेही. हात असा सराईत की तिसऱ्या वर्षाच्या पोरी वह्या काढून बघत बसल्या.

सप्टेंबरात साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला उलटा प्रकार. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून एकवीस किलोमीटर पळालेली मंडळी आडवी पडून बर्फ मागतात. वारकरी दुखतंय हे कबूल करत नाही, मॅरेथॉनवाला ते घड्याळात दाखवतो.

सांगलीकर आणि सातारकर मुली एकाच ग्रुपात असल्या की जिल्हावाद होणारच. कॅम्पच्या चहाबरोबर भडंग असावं की कंदी पेढे, यावर अध्यक्षपदाची निवडणूक फिरलेली आहे. कॅम्पताई दोन्ही ठेवते आणि खर्च ‘स्टेशनरी’त दाखवते.

राहता राहिला मानाचा प्रश्न. २०२५ साली फिजिओथेरपी दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, दिल्लीच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये. १० तारखेला ते पत्र मागेही घेतलं. ग्रुपवर रात्रभर संताप आणि सकाळी जल्लोष झाला. कॅम्पताईने दोन्ही वेळा एकच निरोप टाकला: “रविवारची गाडी सहाला सुटेल. बॅनर कोणाकडे आहे?”

तिच्यावर हसावं तेवढं थोडं. पण वर्गातल्या पहिल्या नंबराला जे साधत नाही ते तिला साधतं: माणसाच्या मागे लागून, त्याला न दुखवता, रोज व्यायाम करायला लावणं. या धंद्यात निम्मं औषध हेच आहे, आणि ते खुर्च्या मांडता मांडताच शिकता येतं. तुमच्या घरात कोणी फिजिओला प्रवेश घेतला असेल तर तिला ग्रुपात जाऊ द्या. चार लेक्चरं बुडतील, बुडू द्या.

आणि तुम्हीही, वाचकहो, कोणीतरी दिलेलं व्यायामाचं पत्रक फ्रीजवर चिकटवून मोकळे झाला असाल, तर एवढं करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. दुखणं वाढलं तर थांबा आणि दाखवून या. मशीनचं नंतर बघू.