आधी भरा, मग माफ

प्रवेशाच्या खिडकीवर मुलाचा बाप एकच प्रश्न विचारतो, ‘साहेब, सगळे मिळून किती लागतील?’ उत्तर मिळतं ते आज किती भरायचे याचं. बाकीचे आकडे त्याला पुढे कळत जातात. काही वसतिगृहाची यादी लागल्यावर, काही दिवाळीनंतर आणि काही परीक्षेचा फॉर्म भरताना. तोवर माघार घेण्याची वेळ गेलेली असते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच उदाहरण घेऊ. १९४९ साली स्थापन झालेलं, पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो महाविद्यालयांचं हे विद्यापीठ. गणेशखिंडीत त्याचा ४११ एकरांचा परिसर आहे. मराठवाड्यापासून खानदेशापर्यंतची मुलं इथे येतात, कारण सार्वजनिक विद्यापीठ आपल्याला परवडेल असा घरच्यांचा भरवसा असतो. विभागातली फी खासगी विद्यापीठाच्या मानाने खरोखरच कमी असते. मुलांना घाम फोडतो तो पुण्यातला मुक्काम. वसतिगृहात जागा थोड्या आणि मागणारे फार. नंबर लागला नाही की कॉट बेसिसवर खोली शोधा, डिपॉझिट द्या, मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला मोजा. ‘फी किती?’ एवढंच विचारून गावाहून निघालेल्या घराचा अंदाज इथेच कोसळतो.

सरकारने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा अर्धा भार उचलून मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि मराठा समाजासाठीच्या एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. हा निर्णय मोठा आहे, आणि मुलीला पुढे शिकवायचं की नाही यावर घरात चाललेले वाद त्याने मिटले असतील. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी स्वाधार आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

मग दुखणं कुठे आहे? तारखांमध्ये. महाविद्यालयाला फी जुलै-ऑगस्टमध्ये हवी असते. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा मुलाचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या क्लार्ककडे, मग विभागाच्या कार्यालयाकडे, मग निधीच्या रांगेत जातो. एक कागद अस्पष्ट निघाला, तर अर्ज परत येतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून. हप्ता येतो तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं किंवा संपलेलं असतं. मधल्या काळात ते पैसे कोणी घातले? घराने. ज्या घराची ऐपत नाही म्हणून सरकारने शुल्क माफ केलं, त्याच घराकडून सरकार बिनव्याजी उसने घेतं आहे. हे मला असह्य वाटतं.

घर तरी कुठून आणतं? पतसंस्थेत आईचं गंठण ठेवून. परताव्याचे पैसे आले तरी त्या गंठणावरचं व्याज कुणीच परत देत नाही. त्यासाठी महाडीबीटीवर रकाना नाही.

शासनाच्या सूचना स्पष्ट आहेत. पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी माफ झालेला हिस्सा घेऊ नका, शिष्यवृत्तीसाठी अडवू नका. पण मंत्री बोलतात, परिपत्रक निघतं आणि खिडकीवर मात्र ऐकायला मिळतं, ‘तूर्त भरून टाका, आले की देऊ.’ अर्धी फी भरायला आलेल्या मुलाला पूर्ण भरायला लावायचं, नाहीतर हॉल तिकीट रोखायचं, हा शुद्ध दांडगावा आहे. महाविद्यालयंही अडचणीत असतात, हे मान्य. विनाअनुदानित संस्थेला पगार दर महिन्याला करावे लागतात आणि सरकारकडून येणं थकलेलं असतं. पण ही थकबाकी दोन संस्थांमधली आहे. तिची वसुली अठरा वर्षांच्या पोराकडून का?

शुल्कमाफी ही बहुतेक शिक्षण शुल्कापुरती असते, हेही पालकांना कुणी नीट सांगत नाही. समजा, एका अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क ८० हजार आणि विकास शुल्क १० हजार आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला निम्मी सवलत म्हणजे ४० हजार. त्याने भरायचे उरले ५० हजार. शिवाय अनामत, प्रयोगशाळा, जिमखाना. घरी मात्र ‘निम्मी फी माफ’ म्हणून पेढे वाटून झालेले असतात.

ज्या राजाचं नाव योजनेला दिलं आहे, त्याची रीत उलटी होती. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराला आधी छप्पर आणि ताट मिळालं. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढताना त्यांनी ‘कमवा आणि शिका’ हीच त्याची बैठक ठरवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ते बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी. तेव्हा संस्थेकडे पैसा नव्हता. आज राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद असते, तरी गहाण पडतात ते दागिने विद्यार्थ्याच्याच आईचे.

आता या वर्षी अर्ज करणाऱ्यांशी थोडं रोखठोक बोलतो, कारण व्यवस्था सुधारेपर्यंत तुमची तीन वर्षं थांबणार नाहीत.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर एप्रिल-मेमध्येच काढा. निकालानंतर सेतू केंद्राबाहेर जी झुंबड उडते, तीत प्रवेशाची फेरी हातची जाते. यातले बरेच दाखले ३१ मार्चला संपतात, म्हणून गेल्या वर्षीचा पुढे करू नका. जात पडताळणी बारावीच्या वर्षातच उरका. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे स्वतः बँकेत जाऊन बघा. हप्ता अडकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शुल्कसवलत हवी असेल, तर प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात की सवलतीवर पाणी सोडलंत. पुढच्या वर्षी अर्जाचं रिन्यूअल स्वतः करायचं असतं, ते आपोआप होत नाही.

मूळ कागदपत्रं कुणाच्या कपाटात ठेवू नका. पडताळून लगेच परत द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. त्याच अधिसूचनेत प्रवेश रद्द केल्यावर किती पैसे परत मिळावेत याचा तक्ता आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी किमान पंधरा दिवस रद्द केला, तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा जाता सगळे, आणि त्या तारखेनंतर पंधरा दिवसांतही ८० टक्के. ‘नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का दाखवून कुणी हाकलत असेल, तर अधिसूचनेची प्रत पुढे ठेवा आणि लेखी उत्तर मागा. माफ झालेली फी मागणाऱ्याकडेही लेखीच मागा. तोंडी सक्ती करणारे कागदावर सही करायला कचरतात.

विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे ‘कमवा व शिका’ योजना आहे, तिची चौकशी पहिल्या आठवड्यातच करा. त्यातून मेस भागेल, फी भागणार नाही, हे मनाशी धरून चला. बँकेचं शैक्षणिक कर्ज हा शेवटचा मार्ग ठेवा, पण घ्यायचंच असेल तर सावकाराकडे किंवा खासगी ॲपकडे जाण्याआधी घ्या. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी योजना आहे. घर तारण ठेवल्याशिवाय मिळणार नाही, असं शाखेत कुणी सांगितलं तर तेही लेखी मागा.

आणि विद्यापीठाकडे दोन मागण्या. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर वर्षाचा पूर्ण खर्च छापा, खोली आणि जेवण धरून, आणि त्याखाली कोणत्या प्रवर्गाने प्रत्यक्ष किती भरायचे तो आकडा. दुसरी मागणी पैशाची आहे. शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्या मुलाची फी हप्ता येईपर्यंत भागवण्यासाठी विद्यापीठाने फिरता निधी ठेवावा. सरकारचा हप्ता आला की तो निधीत जमा होईल, मुलाच्या घरी कुणाला गहाणखत करावं लागणार नाही. अधिसभेवर पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. निवडणुकीत सगळ्यांच्याच जाहीरनाम्यात विद्यार्थी पहिल्या क्रमांकावर असतो. मार्चमध्ये विद्यापीठाचा अर्थसंकल्प येईल तेव्हा या निधीचं लेखाशीर्ष त्यांनी मागावं, आणि कुणी मागितलं, कुणी नाही, हे नोंदणीकृत पदवीधरांनी इतिवृत्त काढून वाचावं.