रानस्ट्रॉबेरीच्या वतीने अध्यक्षकाकांना पत्र

आदरणीय अध्यक्षकाका,


मेरीलँडमधल्या आपल्या वसाहतीच्या बागसमितीची नोटीस मिळाली. घरापुढची रानस्ट्रॉबेरी तीस दिवसांत उपटावी आणि तिथे हिरवळ लावावी, अन्यथा दंड. वसाहतीवर ओढवलेलं संकट वेळेत ओळखल्याबद्दल आधी आपलं अभिनंदन. ही आरोपी वीतभरही उंच होत नाही. वसंतात तिला पाच पाकळ्यांची पांढरी फुलं येतात, तिचे रनर, म्हणजे सरपटत्या फांद्या, मातीला टेकतील तिथे मुळं धरतात आणि उघडी जमीन झाकली जाते. युरोपातून पहिलं जहाज येण्याच्या कितीतरी आधीपासून ती या किनाऱ्यावर राहते आहे. इतक्या जुन्या रहिवाशाला बाहेर काढायला समितीला तीस दिवस पुरेसे वाटले, याला कार्यक्षमताच म्हणायचं.

तिच्या जागी यायचं आहे ते केंटकी ब्लूग्रास किंवा टॉल फेस्क्यू. दोन्ही गवतं मूळची परदेशी आणि दोन्ही थंड हवेची, त्यामुळे इथल्या जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तोडलं की पिवळी पडतात. मग स्प्रिंकलर, मग खत, मग तणनाशक, आणि आठवड्याच्या आठवड्याला कापणी. उपग्रहांच्या माहितीवर आधारलेल्या नासाच्या 2005 सालच्या अभ्यासात दिसलं, की अमेरिकेत पाणी देऊन वाढवल्या जाणाऱ्या पिकांत सर्वांत मोठं क्षेत्र हिरवळीचं आहे, मक्यापेक्षाही मोठं. पीक देशात पहिल्या क्रमांकाचं, उत्पन्न शून्य! मराठवाड्यातल्या दुष्काळग्रस्तांसाठी इथे देणगीच्या पावत्या फाडायच्या आणि घरी येऊन गवताला पाणी पाजायची सक्ती करायची, हा मेळ आपण कसा घालता, तेही कळवावं.

इथवर चेष्टा झाली, पण खताच्या मुद्द्यावर चेष्टा करवत नाही. हिरवळीवरचं जादा नत्र आणि स्फुरद पावसाबरोबर वाहत चेसापीकच्या उपसागरात जातं. तिथे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे-खेकडे गुदमरतात. गोष्ट इतक्या थराला गेली, की मेरीलँडला 2011 मध्ये हिरवळीच्या खतावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. तो 2013 पासून लागू आहे आणि 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात घरमालकाला हिरवळीवर खत टाकता येत नाही. ज्याच्या खतापायी राज्याला कायदा करावा लागला, ते गवत तुम्ही दंडाचा धाक दाखवून लावायला लावता? आणि जिला एकदा रुजल्यावर यातलं जवळजवळ काहीच लागत नाही, जिच्या फुलांवर वसंतातल्या मधमाश्या येतात, तिला उपटायचं? ही शिस्त नव्हे, हा अडाणीपणा आहे. वयाचा मान राखूनही दुसरा शब्द सापडत नाही.

आता आपले आक्षेप. ती पसरते म्हणता. जमीन झाकायला लावलेल्या झाडाने दुसरं काय करावं? कडेचे रनर अधूनमधून छाटले की ती हद्द पाळते. तिच्यावर मुलांना क्रिकेट खेळता येणार नाही हे मात्र खरं, सततचं तुडवणं तिला सोसत नाही. पण मग खेळापुरतं गवत परसात ठेवा. घरापुढच्या हिरवळीवर तसंही कोण कुणाला पाय ठेवू देतं? उंदीर-सापांची भीती त्या वीतभर पानांत मावत नाही. घरांच्या किमती पडतील म्हणत असाल तर आकडे दाखवा. वजनदार आक्षेप एकच: पिवळ्या फुलाची, बेचव फळाची एक नकली स्ट्रॉबेरी इथे मोकाट सुटली आहे, आणि ती आली आहे आपल्याच आशियातून. तिच्यावर नोटीस काढा, पहिली सही आमची. पण फुलाचा रंग पाहायची तसदी न घेता शिक्षा दुसरीलाच?

शिवाय ही रानस्ट्रॉबेरी आपल्याला परकी नाही. आज जगभर पिकणारी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपातल्या बागांत जन्मली. आई चिलीच्या किनाऱ्यावरची आणि बाप अमेरिकेतला हाच रानटी. 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी याच घराण्यातली. सुट्टीत तिकडे क्रीमसोबत तिचे फोटो काढायचे आणि इकडे तिच्या पूर्वजाला दंड ठोठावायचा!

तरी काका, आपली अडचण दिसते. पद बिनपगारी, तक्रारींचे फोन अवेळी, आणि परक्या देशात ‘यांचं अंगण बघा’ असं कुणी म्हणेल ही धास्ती, जी इतक्या वर्षांनीही सुटत नाही. कापलेलं गवत हा ‘आम्ही तुमच्यातलेच’ असं सांगणारा दाखला होऊन बसला आहे. ती भीती खोटी नाही आणि ती बाळगणारे आपण एकटे नाही. पण निगा दाखवायला सगळं अंगण गवताचं कशाला? कडेला कापलेली एक पट्टी आणि स्वच्छ पायवाट पुरते.

शेवटी कायद्याचं. 1 ऑक्टोबर 2021 पासून मेरीलँडमध्ये, घरमालक निगा राखत असेल तर परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठीची किंवा कमी पाण्याची बाग कोणतीही वसाहत अवाजवी अटी घालून अडवू शकत नाही. गवतच लावा ही सक्ती कायद्याने अवाजवीतच धरली आहे. दिसण्याबाबत वाजवी नियम करायला समिती मोकळी आहे; ते जरूर करावेत आणि ही नोटीस मागे घ्यावी, ही विनंती.