आठशे शब्दांत क्रांती

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक कॉम्रेड आजोबा राहतात. तसे ते प्रत्येक सोसायटीत असतात. खांद्याला शबनम, हातात घडी घातलेला पेपर, त्यातल्या अग्रलेखाखाली लाल पेनाच्या रेघा. बँकेतून, विम्यातून नाहीतर पोस्टातून निवृत्त झालेले. चळवळीतून मात्र अजून नाही. बोलणं सुरू होतं ते ‘मुळात प्रश्न असा आहे की’ इथून, आणि तो मूळ प्रश्न येईपर्यंत ऐकणाऱ्याची बस निघून गेलेली असते. लिफ्ट बंद पडली तरी तिची कारणं त्यांना १९९१च्या आर्थिक धोरणात सापडतात. माणूस निर्मळ. कुठल्याशा मोर्चात पडलेल्या लाठीमुळे गुडघा पावसाळ्यात ठणकतो, आणि तो डावाच असल्याचं त्यांना समाधान आहे.

त्यांची नात नववीत आहे, आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत. तिची फी हा विषय घरात कुणी काढत नाही. काढलाच तर आजोबा त्याला ‘अंतर्विरोध’ म्हणतात आणि पंखा वाढवतात. तर या नातीला इंग्रजीला जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ लागलं आणि त्यावर निबंध आला. शेतावर जे झालं त्याला जबाबदार कोण, नेपोलियन नावाचा डुक्कर की बाकीचे प्राणी? एक बाजू घ्या, पुस्तकातून पुरावे द्या, विरोधी मुद्दा मांडा आणि तो खोडा. शब्दमर्यादा आठशे.

वाद घालायचा आणि वर त्याचे मार्क मिळायचे! आजोबांना उभ्या आयुष्यात अशी संधी कुणी दिली नव्हती.

अडचण एवढीच, की पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. पन्नास वर्षं त्याविरुद्ध बोलत मात्र होते. तरुणपणी अभ्यासवर्गात कुणा ज्येष्ठांनी ते भांडवलदारांचं कारस्थान असल्याचं सांगितलं होतं, आणि न वाचण्याचा निर्णय एकमताने झाला होता. दारूगोळाही भक्कम होता. या पुस्तकावरचा १९५४चा कार्टूनपट सीआयएच्या पैशातून निघाला आणि त्याचा शेवटही बदलला गेला, हे खरंच आहे. आजोबा ते इतक्यांदा सांगत, की नातीला लहानपणी सीआयए हे कार्टूनचं चॅनेल वाटायचं.

आता मात्र वाचणं भाग होतं. पुस्तक छोटं, एका रात्रीत संपलं. सकाळी सात वाजता आजोबा आमच्या दारात.

“माणूस वाईट नव्हता हो.”

“कोण?”

“ऑर्वेल. स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेला होता, गळ्यातून गोळी आरपार गेली. जन्म मोतीहारीचा, १९०३चा. बाप सरकारच्या अफू खात्यात.” बिहारचं नाव निघाल्यावर ऑर्वेल एकदम आपल्यातला झाला असावा. पण खरा खजिना पुढेच होता. शेतावरची पवनचक्की सुरुंगाने उडते, तेव्हा सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात. मूळ हस्तलिखितात नेपोलियनही पडत होता. छापायच्या आधी ऑर्वेलने प्रकाशकाला कळवलं, की तेवढा नेपोलियनचा अपवाद करा; जर्मन फौजा दारात आल्या तरी स्टालिन मॉस्कोतच राहिला होता, त्याच्यावर अन्याय नको. पुस्तकभर जोडे मारून झाल्यावर एका शब्दाचा हा न्याय! आजोबा त्यावर आठवडाभर खूश होते. भाजीवाल्यालाही सांगून झालं.

मग लेखन सुरू झालं. पहिला खर्डा मी पाहिला आहे. सुरुवात युरोपातल्या सरंजामशाहीपासून, पुढे १८४८, मग पॅरिस कम्यून. पुस्तकातला शेतकरी जोन्स दारू पिऊन झोपायला जातो तो चौथ्या पानावर. नात पेन्सिल घेऊन बसली.

“आजोबा, थीसिस कुठाय?”

“तिकडेच येतोय. आधी पार्श्वभूमी नको का?”

“थीसिस म्हणजे एक वाक्य. पहिल्याच पॅरात.”

एका वाक्याची त्यांना भीती नव्हती. युनियनचे ठराव ते एका वाक्यातच लिहीत. फक्त ते वाक्य दीड पानाचं असे. दोन दिवसांनी वाक्य तयार झालं: नेपोलियन जबाबदार आहे, तथापि तत्कालीन वस्तुनिष्ठ परिस्थिती लक्षात घेता एका अर्थी तो जबाबदार नाही, आणि इतर प्राण्यांची जबाबदारी मान्य करूनही ती सर्वस्वी त्यांची म्हणता येणार नाही.

“पण तुम्ही कुठल्या बाजूने आहात?” नातीने विचारलं.

आजोबा उठून गॅलरीत गेले. १९७५ला त्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला, तेव्हा आजींनीही हेच विचारलं होतं. तेव्हाही ते गॅलरीतच गेले होते.

विरोधी मुद्द्याचीही तीच तऱ्हा. नातीला एक हवा होता, आजोबांनी अकरा काढून दिले.

“आता हे खोडायचे, आजोबा.”

“खोडू कसे? बरोबर आहेत ते!”

एकाच ठिकाणी त्यांचं पेन अडलं. बॉक्सर घोडा आयुष्यभर राबतो, थकल्यावर त्याला उपचाराच्या नावाखाली गाडीत घालून कसायाला विकतात, आणि पुढे डुकरांकडे व्हिस्कीची पेटी येते. आजोबांनी ८२च्या संपात परळला गिरण्यांच्या गेटवर भाषणं केली आहेत. पुढे त्याच माणसांना त्यांनी वॉचमनच्या गणवेशात पाहिलं आहे. त्या परिच्छेदात चारच ओळी होत्या. ‘तथापि’ एकदाही नव्हतं.

आजी हे सगळं मेथी निवडता निवडता ऐकत होत्या. नात त्यांना गोष्ट समजावत होती. जोन्सला हाकलल्यावर गायींची धार काढायची राहिली होती. ती डुकरांनी काढली. पाच बादल्या दूध. संध्याकाळी पाहतात तर दूध गायब. ते रोज डुकरांच्या आंबोणात जात होतं. मग सफरचंदंही त्यांनाच. आणि ऑर्वेलनेच एका पत्रात सांगून ठेवलंय, की सगळं फिरलं ते याच ठिकाणी.

“मग गायी काय म्हणाल्या?” आजींनी विचारलं.

“काहीच नाही.”

“कुणी विचारलंच नसेल.” आजींनी एक काडी मोडली. “आमच्याकडे चाळीस वर्षं दर रविवारी समतेवर चर्चा व्हायची. सोळा कप. सोळांपैकी एकही जण कधी विचारायला आत आला नाही, की दूध पुरलं का. चहा मात्र दुसऱ्यांदा मागितला.”

आजोबा काहीतरी म्हणणार होते. बहुधा ‘मुळात’. नातीने तोवर नवा कागद ओढला होता. तिचा निबंध दुधापासून सुरू झाला, आणि दुधाबद्दल गप्प बसलेल्या प्रत्येकावर थोडी थोडी जबाबदारी वाटत सातशे नव्वद शब्दांत संपला. अकरापैकी एक विरोधी मुद्दा तिने घेतला आणि दोन ओळींत खोडलाही. वीसपैकी अठरा मिळाले. आजोबांनी पेढे वाटले आणि हे सामूहिक यश असल्याचं जाहीर केलं.

स्वतःचा निबंध त्यांनी वाया घालवला नाही. तो वाढवत वाढवत सहा हजार शब्दांवर नेला आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवला. तो साभार परत आला, त्याच दिवशी जिन्यात आमची गाठ पडली. लिफ्ट बंद होती. मला वाटलं, खचले असतील.

“गोलांझ, केप, फेबर, कॉलिन्स,” त्यांनी चार बोटं पुढे केली. “चौघा प्रकाशकांनी परत केलं होतं ऑर्वेलला. फेबरतर्फे तर खुद्द एलियटने लिहिलं, की डुकरंच सगळ्यांत हुशार, तेव्हा कारभार त्यांनीच पाहावा, फक्त जरा लोकहित बघणारी डुकरं हवीत. माझा तर हा पहिलाच नकार.”

वरून आजींचा आवाज आला, “अहो, येताना दूध आणा!”

आजोबा डावा गुडघा धरून एक पायरी उतरले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मुळात प्रश्न असा आहे की, अर्धा लिटर की एक?”