डाळिंबाच्या मुळावर उठलेल्या सूत्रकृमीस खुले पत्र

अगं सूत्रकृमी,

पत्राच्या सुरुवातीला तुला नमस्कार घालणार नाही. सांगोला, मंगळवेढा, तिकडे सटाणा, मालेगाव इथल्या लोकांनी मुरमाड रानात उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन डाळिंब जगवलं, आणि तू त्यांच्या झाडाच्या मुळात आयतं जेवायला बसलीस.

केवढा तुझा तो जीव! अंड्यातून निघालेलं तुझं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरचंही नसतं. स्वतःच्या बळावर ते मातीत फार दूर सरकू शकत नाही. तरी तू जिल्हे ओलांडलेस, कारण तुला टेम्पोत बसवून आम्हीच बांधापर्यंत आणलं. जुन्या बागेतली माती पिशवीत भरायची, त्यात गुटी लावायची, पानं हिरवीगार दिसली की रोप विकायचं. घेणाराही पानंच बघतो. पिशवी फाडून मुळं बघायची आमच्याकडे रीतच नाही, आणि तू जगतेस ती याच आमच्या हयगयीवर.

आत शिरल्यावर तू काय करतेस तेही आता सगळ्यांना कळू दे. कोवळ्या मुळाच्या टोकाजवळून घुसतेस, अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांपाशी ठाण मांडतेस आणि तोंडातल्या सुईने तिथल्या चार-सहा पेशींत लाळ सोडतेस. त्या पेशी अवाढव्य फुगतात आणि झाडाचं काम सोडून तुला पोसायला लागतात. मग तुला हलायचीही गरज उरत नाही. भोवती गाठ वाढते आणि आत तू फुगत राहतेस. जमीन उबदार असली की महिन्याभरात चिकट पिशवीत शेकडो अंडी घालून मोकळी होतेस, त्यालाही नर लागत नाही. ठिबकखाली ओल कायम, मुळंही तिथेच दाटलेली, म्हणून तुझा मुक्कामही तिथेच.

वर मात्र झाड फक्त दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं. पानं पिवळी पडतात, फळ लहान राहतं. शेतकरी युरिया टाकतो, सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारतो, दुकानाची उधारी वाढवतो. तू केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते आणि ऐन बहारात, फळांनी लगडलेलं झाड उभं वाळतं. पाच वर्षं लेकरासारखं वाढवलेलं झाड कुऱ्हाडीने तोडताना माणसाचं काय होतं, ते मी पाहिलंय. तेव्हा राग मला तुझ्यापेक्षा त्या पिशवीचा जास्त येतो.

एकदा बागेत शिरलीस की तू पुरती जात नाहीस, हे मान्य. दाणेदार औषधाने तू काही काळ दबतेस, पण त्यातलं बरंचसं औषध मुळाच्या आत तुझ्यापर्यंत पोचत नाही, आणि निर्यातीच्या फळात त्याचा अंश सापडण्याची धास्ती वेगळी. म्हणून तुला दारातच अडवायचं. रोपवाटिकेची माती एप्रिल-मेच्या उन्हात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवायची. लागवडीचे खड्डे उन्हाळाभर उघडे ठेवायचे. नव्या बागेत टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी यांचं आंतरपीक बंद, कारण ती तुझ्यासाठी वाढलेली ताटं आहेत. त्याऐवजी झेंडू लावायचा. त्याच्या मुळांतलं रसायन तुला सोसत नाही. जोडीला निंबोळी पेंड आणि शेणखतात वाढवलेली पॅसिलोमायसिस बुरशी, जी तुझी अंडीच खाते.

आणि रोपवाटिकेच्या परवान्यासाठी मुळांची तपासणी सक्तीची हवी, ती कागदावर नको, बादलीत मुळं धुऊन हवी. ती होईपर्यंत आम्हीच रोपं उतरवून घेण्याआधी टेम्पोपाशी दहा-वीस पिशव्या फाडू. एका मुळावर जरी गाठ दिसली, तरी पैसे न देता अख्खा टेम्पो परत पाठवू.

तुझ्या वाटेवर बादली घेऊन उभा असलेला,
एक डाळिंब बागायतदार